उघडा ठेवलेला चाकू

केनी फोर्क, टेनेसी
गुरुवार, ३ ऑक्टोबर १९६३

माझ्याहून चार वर्षं आणि अकरा दिवसांनी थोरल्या होबार्टदादास,

धाकट्या डेल्मरचा, कमरेला झेपेल तेवढं वाकून, नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझ्या ओपलचा गुडघा ठीक आहे, कोंबड्या ठीक आहेत, म्हातारा कुत्रा ठीक आहे (म्हणजे आहे). माझं विचारशील तर तब्येतीला काही झालेलं नाही, पण तोंड मात्र गेले वीस दिवस कुणाला दाखवायच्या लायकीचं राहिलेलं नाही. तुझा खोकला कसा आहे? टायरच्या कारखान्यातला खोकला नोकरी सुटली की आपोआप सुटतो असं कोर्टासमोरच्या आमच्या बाकावरचे सगळे छातीठोकपणे सांगतात (त्यातला एकही कारखान्यात गेलेला नाही). व्हर्डीवहिनींना माझा नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस. दिलंस तरी पहिलं पान दे, त्यात मी बरा दिसतो.

तुझं पत्र पोचलं. अ‍ॅक्रनलाच तीन खोल्यांचं घर बघितलंय, मागे टोमॅटोपुरती जागा आहे, आणि आता नोकरी संपल्यावर इकडे परत न येता तिथेच राहायचं तुम्ही ठरवलंय, हे सगळं वाचलं. एकदा उभ्याने वाचलं आणि एकदा बसून. अशा वेळी अभिनंदन करतात, तसं मी करतो. पण दादा, तू असं का ठरवलंस हे तुला माहीत नाही, मला माहीत आहे. त्याचं कारण तिकडचे टोमॅटो नाहीत, मी आहे. मी तुझा चाकू मिटला.

हे लिहून झाल्यावर मी उठलो, परसात एक फेरी मारली, ताकात मक्याची भाकरी कुस्करून खाल्ली, आणि आता परत बसलोय. ओपल म्हणते, कबुली द्यायची तर सुरुवातीपासून द्यावी, मधूनच दिली की ती तक्रारीसारखी वाटते. तर सुरुवातीपासून.

सेहेचाळीस सालच्या मार्चमध्ये, बस यायला अर्धा तास असताना, तू ओसरीवर बाबांचा तीनपाती चाकू खिशातून काढलास, मोठं पातं उघडलंस, तंबाखूची वडी मधोमध कापून अर्धी मला दिलीस आणि चाकू तसाच उघडा कठड्यावर ठेवून म्हणालास, "डेल्मर, ज्यानं उघडला त्यानंच मिटायचा. परत आलो की मिटतो." आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी तुम्हाला उघडा चाकू हातात दिला तर काम झाल्यावर उघडाच परत द्यायचा, मिटलेला दिला तर मिटूनच द्यायचा. दुसऱ्याने उघडलेला चाकू आपण मिटला तर त्याचं काहीतरी अडतं. ग्रेडी स्टॅम्परच्या काकाने एकदा शेजाऱ्याचा चाकू मिटला, तर शेजाऱ्याची गाय महिन्याभरात मेली. (गाय एकोणीस वर्षांची होती, पण तो मुद्दा तिथे कुणी काढत नाही.)

तेव्हापासून सतरा वर्षं तो चाकू आमच्या शेकोटीवरच्या फळीवर उघडा होता. पातं कुणाला लागू नये म्हणून ओपलने त्याच्या टोकाला दाणे काढलेलं मक्याचं कणीस खोचून दिलं होतं, दर दोन वर्षांनी कणीस बदलायची, पातं नाही हलवायची. पाद्री पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्याच्याकडे बघत बघतच त्यांनी प्रार्थना म्हटली आणि ती बरीच लवकर संपवली. आई गेली तेव्हा तू दोन दिवस येऊन राहिलास. मी तुला फळीपाशी नेऊन म्हटलं, "घे, मीट आता." तू अंगठ्याने पात्यावरची धूळ पुसलीस आणि म्हणालास, "राहू दे. मी परवाच्या बसने चाललोय. हे काही येणं नव्हे." तेव्हा मला इतका आनंद झाला होता की आईच्या अंत्यविधीला मी दोनदा हसलो, आणि लोकांनी ते दुःखाने होतं असं समजून घेतलं. चाकू उघडा आहे म्हणजे तू येणार आहेस, एवढं सोपं माझं गणित होतं. तू येशील, ओसरीवर बसशील, मी देवदाराचा तुकडा पुढे करीन, आणि आपण दोघं मरेपर्यंत ढलप्या पाडत बसू.

आता माझ्या दुर्गुणाकडे येतो. मला आयुष्यात एकाच विषयातलं कळतं. आरागिरणीत तीस वर्षं काढूनही लाकडातलं कळलं नाही, बायकोच्या मनातलं तर त्याहून नाही, पण चाकूंचे घाट कळतात. कोर्टासमोरच्या बाकावर कुणीही नवा चाकू काढला की तो आधी माझ्या हातात येतो. लांब लोखंडी गळ्याचा साधा बार्लो असला तर मी सांगतो की हा घाट आपल्या देशाहून म्हातारा आहे, शेफील्डच्या कारागिरांनी गरिबाच्या खिशासाठी काढला, म्हणून त्यात नखरा नाही. पाठ आत वाकलेली आणि पोट बाहेर आलेलं असा चारपाती असला तर सांगतो की हाही शेफील्डचाच, पण खास आपल्या तंबाखूच्या मुलखातल्या गिऱ्हाइकासाठी घडवलेला. त्याला वॉशिंग्टनच्या काँग्रेसचं नाव का पडलं याची माझ्याकडे तीन कारणं आहेत आणि समोर कोण बसलंय ते बघून मी त्यातलं एक देतो. पुढे तिथले कारागीर बोटीने न्यूयॉर्ककडे आले, इकडे कारखाने निघाले, मग गुराख्यांचा तीनपाती आला आणि त्याने बाकीच्यांना दुकानाच्या कपाटातून बाहेर काढलं. हे सगळं मी सांगतो. आणि शेवटी, सगळे माना डोलवायला लागले की, मी येतो तासायच्या खऱ्या चाकूवर, म्हणजे बाबांच्या.

तुला तो घाट सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एका टोकाला एकच जाड पातं, लाकूड ओरबाडायला, आणि ते दोन्ही स्प्रिंगांवर रेललेलं. दुसऱ्या टोकाला दोन बारीक पाती, नक्षीला आणि कोपऱ्यांना, प्रत्येकाला आपापली स्प्रिंग. त्यामुळे पाठीवरून बोट फिरवलं तर एका टोकाला दोन्ही स्प्रिंगा अंगाला अंग लावून आणि दुसऱ्या टोकाला मध्ये पाचर बसून फाकलेल्या लागतात. हा घाट आता कारखाने जवळजवळ काढतच नाहीत, कारण ती पाचर घासून बसवायला कसबी माणूस लागतो आणि तो चाकू वापरायला रिकामा माणूस लागतो, आणि दोघंही महाग झालेत. मी असंही सांगत असे की डोळे बांधा, नुसता अंगठा फिरवून मी कुठलाही घाट ओळखीन. आणि सर्वांत शेवटी सांगत असे की हा चाकू आजोबांनी उत्तर-दक्षिणेच्या लढाईत नेला होता, पात्याच्या बुडाशी शेफील्डच्या कारागिराचं नाव, गावाचं नाव आणि खाली 'इंग्लंड' असं स्पष्ट कोरलेलं आहे, आणि शरणागतीच्या दिवशी बंदुका काढून घेतल्या तेव्हा हा आजोबांच्या बुटात होता. (बूट त्या गोष्टीत मी एक्कावन्न साली घातला. लोकांना आवडला म्हणून ठेवला.)

चौदा सप्टेंबरच्या शनिवारी बाकावर नॅशव्हिलचे एक गृहस्थ आले. अ‍ॅशक्राफ्ट त्यांचं नाव. गळ्यात टाय, हातात आतून हिरवं मऊ कापड लावलेली पेटी, आणि पेटीत चाळीसेक जुने चाकू, एकेक आपल्या खाचेत झोपवलेला. माणूस मोठा सभ्य. माझं सगळं पुराण त्यांनी मान न हलवता ऐकलं, तिथेच मला शंका यायला हवी होती. पण ग्रेडी होता ना शेजारी! ग्रेडीला तू ओळखतोस, आधी खेचरं विकायचा आणि आता खेचरं संपल्यामुळे नुसता बोलतो. तो म्हणाला, "सतरा वर्षं ऐकतोय बुवा त्या चाकूचं. चाकू आहे की गाणं आहे?" मी म्हटलं, घरी आहे. तो म्हणाला, "मग आण की! का तोही लढाईत कामी आला?"

मी उठलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला हात दाखवायची फार घाई होती. ओपल चर्चमध्ये बायकांबरोबर गोधडी शिवायला गेली होती, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. चाकू मिटता येत नव्हता, म्हणून कणसासकट टॉवेलात गुंडाळला आणि काखेत धरून निघालो. बँकेच्या कोपऱ्यावर शेरीफच्या हाताखालच्या त्या तरण्या पोलिसाने मला थांबवलं.

"काका, टॉवेलात काय आहे?"

"चाकू."

"उघडा?"

"सतरा वर्षांपासून."

त्याने थोडा विचार केला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

अ‍ॅशक्राफ्टसाहेबांनी चाकू दोन बोटांत धरला, आधी वास घेतला (हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आता मीही घेतो), मग डोळ्याला भिंग लावलं. म्हणाले, "फार सुंदर आहे. पाचर बघा कशी बसवलीय! पातं उगाच कुणी घासलेलं नाही. तुमच्या घराण्यानं हा जिवापाड जपलाय." माझी छाती एवढी फुगली की शर्टाची गुंडी धोक्यात आली. मग ते अगदी हळू, जणू डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तसे, म्हणाले, "पण मिस्टर टॅकेट, बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे असा कायदा आपल्या सरकारनं अठराशे नव्वद साली केला. त्याआधी हे कारागीर नुसतं आपलं आणि गावाचं नाव टाकत. 'इंग्लंड' लिहिलंय म्हणजे हा त्यानंतरचाच. लढाई संपून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती." ज्या एका शब्दावर मी सतरा वर्षं मिशीला पीळ भरला त्याच शब्दाने मला भर चौकात उघडं पाडलं.

ग्रेडीने बोटांवर हिशेब केला. "डेल्मर, तुझे आजोबा गेले कधी रे?" मी टोपी डोळ्यांवर ओढली. पण हे गाव आहे, आजोबांचा दगड कोर्टाच्या मागेच उभा आहे आणि त्यावर अठराशे अठ्ठ्याऐंशी साल आहे. "म्हणजे वारल्यावर खरेदीला बाहेर पडले म्हणायचे! दुकानात गर्दी होती का काही बोलले?" बाकावरचे सातही जण हसले. एकाची कवळी ढलप्यांत पडली, ती शोधताना पुन्हा हसले.

(मध्येच विचारतो. बाबांनी तो चाकू दुकानातून घेतला असेल तेव्हा तू सहा-सात वर्षांचा असशील आणि त्यांच्याबरोबर दुकानात जायचास. तुला हे माहीत होतं का? आणि माहीत असून तू माझं बूटपुराण पत्रांतून इतकी वर्षं निमूट वाचलंस का? उत्तर 'हो' असेल तर लिहू नकोस.)

इथे थांबलो असतो तर फक्त हसं झालं असतं. पण ग्रेडी म्हणाला, "जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. चल, बंद मूठ करू. आजोबांच्या नावानं." बंद मुठीचा सौदा तू विसरला नसशील. दोघांनी आपापला एकेक चाकू पाठीमागे हात नेऊन मुठीत घ्यायचा, मुठी पुढे करायच्या, दोघांनी 'दिला' म्हणायचं आणि मुठी उघडायच्या. मुठीत काय आहे ते आधी दाखवायचं नाही, आणि उघडल्यावर मागे फिरायचं नाही. जो फिरेल त्याच्याशी बाकावर पुन्हा कुणी बदली करत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती झाकलेली असेपर्यंतच.

माझ्या डोक्यात काय आलं ते लिहितो. दादा, हे लिहिताना कान गरम होतायत. मला वाटलं, ग्रेडी समजेल की मी चिडून बाबांचा चाकू मुठीत घेतलाय, त्यामुळे तोही आपला चांगला काढेल, आणि मी मात्र त्याच्या गळ्यात माझा जुना चारपाती मारीन, ज्याची दोन पाती गेलेली आहेत. म्हणजे मला फसवायचं होतं. बाबांच्या चाकूचं आमिष लावून मासा धरायचा होता. दोन्ही चाकू पाठीमागे नेले, तर बाबांचा उघडा, तो पाठीला टोचायला लागला. कणीस मघाशीच निघालं होतं. मी मनात म्हटलं, एका मिनिटापुरता. आणि तो मिटला.

टक् असा आवाज झाला. पाहुण्यांनी मान वर केली, कारण चांगल्या स्प्रिंगेचा आवाज त्यांना कळतो. मी दोन्ही चाकू आणखी घट्ट धरले. मग स्वतःला समजावलं, की सौदा झाला की लगेच उघडून ठेवू, कुणाला कळतंय. (पुढे लक्षात आलं की मी उघडला तर उघडणारा मी होतो. त्याला काही अर्थच उरत नाही.) तेवढ्यात टोपी डोळ्यांवर आली, ती सारायला एक हात पुढे आणला, त्याआधी दोन्ही चाकू एका हातात घेतले, मग पुन्हा दोन हातांत केले. आता कुठला कुठल्या हातात? घाबरलो नाही. एवढा मोठा जाणकार मी! अंगठा फिरवला. अंगठा म्हणाला, उजव्या मुठीत चारपाती आहे. तो अंगठा, ज्याचं टोक अडतीस साली गिरणीने घेतलं आणि ज्याला तेव्हापासून गरम कॉफीचा पेलासुद्धा नीट कळत नाही. हे बाकावर मी कुणाला कधी जाणवू दिलं नव्हतं, आणि असं दिसतंय की मलाही नाही.

"दिला," ग्रेडी म्हणाला. "दिला," मी म्हणालो. मुठी उघडल्या. त्याच्या मुठीत गुरांच्या पेंडीच्या दुकानाने फुकट वाटलेला जाहिरातीचा चाकू होता, एक पातं अर्धं तुटलेलं आणि दुसऱ्या पात्याच्या जागी बाटलीचं टोपण काढायचा आकडा. माझ्या मुठीत बाबा होते.

कुणी हसलं नाही. ग्रेडी चाकूकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी त्या क्षणी म्हणायला हवं होतं की अरे, चूक झाली. सात माणसांसमोर पळपुटा ठरलो असतो, तर ठरलो असतो, त्याने कुणी मरत नाही. त्याऐवजी मी काय म्हणालो ऐक. मी म्हणालो, "मुद्दामच दिला. आजोबांचा नाही म्हटल्यावर घरात कशाला ठेवायचा?" दादा, बाकी सगळं पत्र विसरलास तरी चालेल, पण बाबांच्या चाकूबद्दल हे वाक्य माझ्या तोंडून गेलं हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. त्यांनी त्याच चाकूने तुला शिट्टी करून दिली होती आणि मला बदक. बदकाला मान नव्हती, पण मी त्याला बदक म्हणायचो म्हणून तेही म्हणायचे. मला लाज वाटते. ती रोज सकाळी उठल्याबरोबर वाटते आणि मग दिवसभराच्या कामात जरा कमी होते एवढंच.

घरी येऊन त्या जाहिरातीच्या चाकूचं अर्धं पातं मी कणसात खोचलं आणि फळीवर ठेवलं. ओपल आली, हात धुतले, घेवड्याची उसळ वाढली, आणि फळीकडे न बघताच म्हणाली, "चाकू उन्हानं आटला वाटतं." मी उसळ पुढे ओढली. बदली झाली शनिवारी, आणि मंगळवारी पोस्टाने तुझं पत्र आलं की परत येणार नाही. लिफाफ्यावर सोळा तारखेचा शिक्का. मी चाकू मिटल्यानंतर बरोबर दोन दिवसांनी.

आता यापुढे लिहायला काही नाही. चाकू ग्रेडीच्या खिशात आहे, परत मागायचं तोंड मला नाही, आणि तुझं घर माझ्यामुळे तिकडे ओहायोत झालंय. मोठा भाऊ म्हणून तुला जी शिक्षा योग्य वाटेल ती कळव. शक्य तर पोस्टकार्डावर कळवू नकोस, पोस्टातली बाई वाचते.

तुझा,
मान खाली घातलेला
डेल्मर

ता.क. शनिवार. पत्र टाकायचं राहिलं, कारण ओपलने ते वाचायला घेतलं आणि वाचून झाल्यावर सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या डब्यात भरून बाहेर पडली. तासाभराने ग्रेडी ओसरीसमोर उभा. टोपी हातात. मला म्हणाला, "तुझ्या भावानं उघडा ठेवलेला होता हे बोलला का नाहीस रे? मी हात तरी लावला असता का? आणि चूक झाली हे मला मूठ उघडली तेव्हाच दिसलं होतं. वाटलं, मागशील. आज मागशील, उद्या मागशील. तीन आठवडे वाट बघतोय गाढवा! एक काडीसुद्धा तासली नाही मी त्याच्यानं." रुमालात गुंडाळून आणला होता, जसा गेला तसा, मिटलेला. नुसता परत देणं बाकावरच्या रीतीत बसत नाही, म्हणून आम्ही दोघांनी पाठीमागे हात नेले, मुठी पुढे केल्या आणि 'दिला' म्हटलं, कुणाच्या मुठीत काय आहे हे दोघांना पक्कं ठाऊक असताना. ओपल दारातून म्हणाली, "वयं बघा जरा." ग्रेडीने आपला बाटलीचा आकडा खिशात घातला आणि उरलेल्या करंज्याही.

ता.क. दुसरा. ओपल सांगते की नवरा लिफाफा वाचतो आणि बायको पत्र वाचते. तुझ्या पत्राच्या डोक्यावर नऊ सप्टेंबर लिहिलंय. खाली वहिनींनी दोन ओळी घातल्यात की पत्र आठवडाभर त्यांच्या पर्समध्येच राहून गेलं. मी चाकू मिटला चौदाला. म्हणजे तू तिथेच राहायचं ठरवलंस तेव्हा चाकू फळीवर उघडाच होता, कणसासकट. ओपलला वाटलं हे ऐकून मला हायसं वाटेल. "बघ, तुझ्यामुळे नाही झालं," म्हणाली. मी परसात गेलो आणि बराच वेळ आलो नाही. दादा, माझ्यामुळे झालं असतं तर बरं झालं असतं रे. माझ्या चुका निस्तरायची मला सवय आहे.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. या पत्राबरोबर चाकूचं पार्सल करतोय. मिटूनच पाठवावा लागतोय, पोस्टातली बाई उघडा घेत नाही (विचारून पाहिलं). आता नीट वाच. बाकावरच्या कायद्याने चाकू पहिल्या सौद्यात ग्रेडीचा झाला आणि दुसऱ्या सौद्यात माझा झाला, साक्षीला ओपल आहे. तेव्हा मी तुझा चाकू तुला परत देत नाहीये, माझा चाकू तुला भेट देतोय. आणि चाकू भेट मिळाला तर घेणाऱ्याने देणाऱ्याला एक सेंट द्यावाच लागतो, नाहीतर नातं तुटतं, हे बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी सांगितलंय. तो सेंट पोस्टाने चालत नाही. घेणाऱ्याने स्वतः येऊन देणाऱ्याच्या तळहातावर ठेवावा लागतो. (ही शेवटची अट रीतीत नाही, मी आत्ताच घातली. बुटासारखी.) घर तिकडेच घे, टोमॅटो लाव, मी काही म्हणणार नाही. नाणं कुठल्याही सालचं चालेल. पण आणायला तूच ये.